जाहिरात आहे, एवढं आधी सांगा

आजचा विषय पाटीवर लिहिला तर फार रुक्ष दिसतो. ‘संकेतस्थळांनी अ‍ॅफिलिएट लिंक आणि प्रायोजित मजकूर यांची माहिती वाचकाला कशी द्यावी.’ हे वाचून काही जणांना वाटलं असेल, हा काँप्युटरवाल्यांचा विषय आहे, आपलं इथे काय काम? म्हणून मी इंटरनेटपासून सुरुवात करत नाही. नांदेडमध्ये बसून या विषयावर बोलायचं तर सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून होते. पैसे घेऊन छापलेला मजकूर कोणता आणि मनापासून लिहिलेला कोणता, हा प्रश्न भारताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो भोकर मतदारसंघातून. आणि तिथे जे घडलं ते नीट समजून घेतलं, तर मोबाइलवरच्या एका साध्या लिंकखाली ‘जाहिरात’ हा शब्द का लागतो ते आपोआप कळतं.

भोकर, ऑक्टोबर २००९

१३ ऑक्टोबर २००९ ला महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान झालं. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून उभे होते. त्यांच्यासमोर होते माजी राज्यमंत्री डॉ. माधवराव किन्हाळकर. चव्हाण निवडून आले. त्यानंतर नोव्हेंबरच्या अखेरीस ‘द हिंदू’मध्ये पी. साईनाथ यांचा लेख आला, आणि त्यात जे होतं त्याने देशभर खळबळ झाली.

साईनाथ यांनी काय केलं? फार मोठी गुप्तहेरी केली नाही. त्यांनी वर्तमानपत्रं शेजारी शेजारी ठेवली. लोकमत, पुढारी आणि महाराष्ट्र टाइम्स. तिन्ही एकमेकांचे स्पर्धक. आणि मुख्यमंत्र्यांच्या तरुण, तडफदार नेतृत्वाची स्तुती करणारा एकच मजकूर या तिघांतही शब्दशः सारखा. आता तुम्ही सांगा, तीन वेगळ्या कचेऱ्यांतले तीन वार्ताहर एकाच विषयावर लिहितील, हे शक्य आहे. पण स्वल्पविरामासकट तेच वाक्य लिहितील का? त्याशिवाय ‘अशोक पर्व’ या नावाने पुरवणीची पानं निघाली होती. साईनाथ यांनी आपल्याकडे अशी ४७ पूर्ण पानं असल्याचं लिहिलं. आणि उमेदवाराने निवडणूक आयोगाला दिलेल्या हिशोबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. केबल टीव्हीवरचा खर्च १,५०० रुपये.

चव्हाण यांनी पैसे देऊन मजकूर छापून घेतल्याचा आरोप नाकारला. म्हणजे एका बाजूला पानंच्या पानं, दुसऱ्या बाजूला पाच हजारांचा हिशोब, आणि मधे एक प्रश्न: याचे पैसे कुणी दिले? की दिलेच नाहीत?

इथे एक गंमत लक्षात घ्या. निवडणुकीत बसस्टँडवर वाटलं जाणारं साधं पत्रक असतं ना, त्याच्या तळाशी बारीक अक्षरात मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असतो. ती काही हौस नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-क नुसार ते सक्तीचं आहे. नाव नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. म्हणजे चार आण्याच्या पत्रकाला आपण विचारतो, तुला कुणी छापलं? पण रंगीत पुरवणीच्या पानाला ‘तुझे पैसे कुणी भरले’ हे विचारण्याची सोय वाचकाकडे नव्हती. पत्रक प्रचार आहे हे वाचकाला माहीत असतं, तो सावध असतो. बातमी वाचताना तो सावध नसतो. आणि ज्याला आपला मजकूर खपवायचा आहे, त्याला नेमका हाच बेसावध वाचक हवा असतो.

पाच वर्षं लागली, तरी उत्तर मिळालं नाही

किन्हाळकरांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. आयोगाला हिशोबाचा खरेखोटेपणा तपासण्याचा अधिकारच आहे का, की हिशोब वेळेत आला एवढंच त्याने पाहायचं, यावर वाद झाला. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. ५ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की होय, आयोगाला तो अधिकार आहे. जुलै २०१४ मध्ये आयोगाने आदेश काढून चव्हाण यांना कारणे दाखवा नोटीस दिली. आणि सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला.

२००९ ते २०१४. तोवर त्या विधानसभेची मुदत संपत आली, पुढची निवडणूक तोंडावर आली. माझा मुद्दा कोण जिंकलं, कोण हरलं हा नाही. न्यायालयाने आदेश रद्द केला, तेव्हा पैसे दिल्याचं सिद्ध झालं असं कुणालाच म्हणता येणार नाही, आणि मीही म्हणत नाही. माझा मुद्दा असा की मजकूर छापला गेला त्या दिवशी दोनच पक्षांना खरं काय ते ठाऊक होतं: छापणारा आणि ज्याच्याबद्दल छापलं तो. व्यवहार झाला असेल तर त्यांना माहीत, झाला नसेल तरी त्यांनाच माहीत. बाकी सगळे, म्हणजे वाचक, मतदार, विरोधी उमेदवार, आयोग, न्यायालय, हे बाहेरून अंदाज करणारे. रोखीचा व्यवहार असेल तर पावती नाही. पावती नाही तर पुरावा नाही.

याच्या उलट एक उदाहरण आहे. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना आयोगाने २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं, कारण वर्तमानपत्रांतल्या अशाच मजकुरावरचा खर्च त्यांनी हिशोबात दाखवला नव्हता. तिथे पैसे दिल्याचं आयोगासमोर सिद्ध झालं. म्हणजे निकाल कशावर ठरतो? पुरावा हाती लागतो की नाही यावर. वाचकाची फसवणूक झाली का, यावर नाही.

भारतीय प्रेस कौन्सिलने या काळात एक उपसमिती नेमली होती. परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी हे तिचे सदस्य. त्यांनी नावानिशी मोठा अहवाल लिहिला. जुलै २०१० मध्ये कौन्सिलने अंतिम म्हणून स्वीकारला तो छोटा अहवाल, आणि मूळ सविस्तर अहवाल माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये लोकांसमोर आला. कौन्सिलने पेड न्यूजची व्याख्या केली ती अशी: रोख रकमेच्या किंवा वस्तूरूपाने मिळालेल्या मोबदल्यात कुठल्याही माध्यमात आलेली बातमी वा विश्लेषण. व्याख्या चांगली आहे. पण तिच्या पोटात तीच अडचण आहे. मोबदला मिळाला, हे आधी कुणीतरी दाखवून द्यावं लागतं.

आता जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते. संशयास्पद बातमी दिसली तर ९६ तासांच्या आत उमेदवाराला नोटीस जाते, त्याने ४८ तासांत उत्तर द्यायचं, आणि ती बातमी पैशाची ठरली तर तिचा खर्च जाहिरातीच्या दराने हिशोबात धरायचा. ही सुधारणा भोकरनंतरच्या वर्षांत आली, हे लक्षात ठेवा. पण ही झाली नंतरची तपासणी. वाचकाने तोवर पान वाचून घडी घालून ठेवलेलं असतं.

त्याच महिन्यात, दुसरीकडे

आता एक योगायोग सांगतो. ५ ऑक्टोबर २००९. भोकरच्या मतदानाच्या आठ दिवस आधी. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक सुधारित मार्गदर्शिका जाहीर केली. तिचा गाभा असा: इंटरनेटवर एखाद्या वस्तूची शिफारस करणाऱ्याला कंपनीकडून पैसे किंवा फुकट वस्तू मिळाली असेल, तर ते त्याने वाचकाला सांगितलं पाहिजे. १ डिसेंबरपासून ती लागू झाली.

या दोन गोष्टींत फरक काय आहे तो बघा. आपल्याकडे प्रश्न होता, ‘पैसे घेतले हे सिद्ध करा.’ तिथे प्रश्न झाला, ‘संबंध आहे ना? मग तू स्वतः आधी सांग.’ ज्याला खरं माहीत आहे, त्याच्यावरच सांगण्याची जबाबदारी. आणि न सांगणं हाच दोष. स्तुती खरी आहे की खोटी, हा वेगळा प्रश्न. तो नंतर बघू.

आज भारतातले नियमही याच वाटेने आले आहेत. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, आपण तिला ‘आस्की’ म्हणतो, ही जाहिरात व्यवसायाने स्वतःच स्थापन केलेली संस्था आहे. तिने इन्फ्लुएन्सरसाठी नियम केले, ते १४ जून २०२१ पासून लागू झाले. पुढे ९ जून २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यांच्यामागे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्यावर वर्षभराची बंदीही घालता येते. आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने सोप्या भाषेत एक पुस्तिका काढली: काय सांगायचं, कधी सांगायचं, कसं सांगायचं.

अ‍ॅफिलिएट लिंक म्हणजे नेमकं काय

आता मोबाइल काढा. मार्च लागला की आपल्याकडे कूलरची चौकशी सुरू होते. तुम्ही शोधता, ‘सर्वात चांगले दहा कूलर’. एक पान उघडतं. प्रत्येक कूलरखाली बटण: ‘इथे खरेदी करा’. ते दाबलं की विक्रेत्याचं पान उघडतं.

त्या बटणाच्या पत्त्यात लिहिणाऱ्याचा एक ओळख क्रमांक दडवलेला असतो. तुम्ही त्या वाटेने आलात हे विक्रेत्याकडे नोंदलं जातं. ठरावीक मुदतीत तुम्ही खरेदी केली तर लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं. अ‍ॅमेझॉनने ही पद्धत १९९६ मध्येच सुरू केली. त्यांच्याकडे ही मुदत साधारण २४ तासांची असते. आणि कूलरची लिंक दाबून तुम्ही शेवटी साडी घेतली, तरी त्या खरेदीवर कमिशन मिळू शकतं. तुम्हाला मात्र वस्तू त्याच किमतीत मिळते.

मग लोक म्हणतात, आमच्या खिशातून जादा जात नाही ना, मग बिघडलं कुठे?

बिघडतं निवडीत. लातूरच्या गंजगोलाईत एखादा दुकानदार स्थानिक कारखान्याचा कूलर विकतो. मोटर बिघडली तर त्याचा माणूस संध्याकाळी घरी येतो. पण त्या दुकानाची लिंक नाही, कमिशन नाही. म्हणून तो कूलर ‘सर्वात चांगल्या दहा’मध्ये कधीच येणार नाही. लिहिणाऱ्याने एकही शब्द खोटा लिहिलेला नाही. दहाही कूलर बरे असतील. पण यादी करताना ज्यावर कमिशन आहे तेच त्याच्या डोळ्यासमोर होते. हे वाचकाला कळलं तर तो यादी वाचेल, आणि नंतर गोलाईत एक चक्कर मारेल. कळलं नाही तर यादी हेच जग समजेल.

कमिशन घेणं हे पाप नाही, हे मी मुद्दाम सांगतो. बाजार समितीत माल नेणाऱ्यांना हे जास्त कळेल. सोयाबीन घातलं की हिशोबपट्टी मिळते. तिच्यावर वजन, भाव, हमाली, तोलाई वेगवेगळी लिहिलेली असते. मधल्या माणसाने काम केलं, त्याचे पैसे घेतले, याबद्दल शेतकऱ्याची तक्रार नसते. तक्रार होते ती पट्टीवर न लिहिता कापून घेतलं की. संकेतस्थळाकडूनही आपण एवढीच पट्टी मागतो आहोत.

चांगली सूचना कशी असते

सूचना देणं आणि सूचना दिल्यासारखं करणं, यात फरक आहे. चार कसोट्या सांगतो.

पहिली, जागा. पानाच्या अगदी तळाशी, ‘आमच्याविषयी’ आणि ‘अटी व शर्ती’ यांच्या मधे कुठेतरी लिहिलं, तर ते लिहिलं नाही असंच समजा. वाचक लिंक दाबतो वर, सूचना वाचणार खाली! ती मजकुराच्या सुरुवातीला, किंवा बटणाला लागून हवी. समाजमाध्यमावर वीस हॅशटॅगच्या गर्दीत एक ‘अ‍ॅड’ टाकून चालत नाही. आस्की आणि सरकार दोघांचंही हेच म्हणणं आहे.

दुसरी, वेळ. व्हिडिओ पंधरा सेकंदांचा असेल तर सूचना निदान तीन सेकंद दिसली पाहिजे. दोन मिनिटांपर्यंतचा असेल तर एक तृतीयांश वेळ. त्याहून मोठा असेल तर ज्या भागात त्या मालाबद्दल बोललं जातं तो पूर्ण भाग. हे आस्कीचं मोजमाप आहे. सरकारी पुस्तिका सांगते की व्हिडिओत सूचना नुसती लिहून नाही, बोलूनही सांगा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे कितीतरी माणसं शेतात काम करताना व्हिडिओ नुसता ऐकतात.

तिसरी, शब्द. ‘अमुक कंपनीचे आभार’ म्हणजे काय? आभार कशाबद्दल? ‘सहयोगाने’, ‘सौजन्याने’, ‘विशेष उपक्रम’ हे सगळे धूसर शब्द आहेत. मराठी वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला ते जुन्या ओळखीचे आहेत. नुसतं ‘अ‍ॅफिलिएट लिंक’ असं लिहिणंही पुरेसं नाही, कारण सामान्य वाचकाला त्याचा अर्थ लागेलच असं नाही. अमेरिकेच्या त्या कमिशननेही हे स्पष्ट केलंय. त्यापेक्षा सरळ लिहा: ‘या लिंकवरून तुम्ही खरेदी केली तर आम्हाला कमिशन मिळतं.’ संपलं.

चौथी, भाषा. सूचना त्याच भाषेत हवी ज्या भाषेत शिफारस आहे. दहा मिनिटं अस्सल मराठवाडी बोलीत औषधाचं गुणगान करायचं आणि कोपऱ्यात इंग्रजीत एक शब्द टाकायचा, हे नियमात बसत नाही. ‘जाहिरात’ हा शब्द प्रत्येक मराठी माणसाला कळतो. मग तो वापरायला जीभ का अडखळते? अडखळते, कारण तो कळतो!

आणखी एक गोष्ट. सप्टेंबर २०१९ पासून गूगलने संकेतस्थळांना सांगितलंय की पैशाच्या लिंकला पानाच्या आतल्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ अशी खूण करा. ती खूण आपल्याला दिसत नाही, शोधयंत्राला दिसते. कारण न सांगता विकलेल्या लिंकमुळे गूगलच्या क्रमवारीत गडबड होते. आता विचार करा. गूगलला नाराज करायचं नाही म्हणून जे संकेतस्थळ यंत्राला इमानदारीने सांगतं, तेच वाचकाला सांगायला विसरतं. म्हणजे त्याला माहिती आहे, सांगताही येतं. सांगायचं कुणाला, हे त्याने ठरवलेलं आहे.

लातूरकरांसाठी दोन शब्द

हे फक्त कूलरपुरतं असतं तर मी तुमचा तास घेतला नसता. पण दहावीचा निकाल लागला की नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडची मुलं लातूरला येतात. लातूर पॅटर्नचं नाव आहे, त्यामागे खरी मेहनतही आहे. आई-वडील दोन वर्षांची फी, खोलीचं भाडं, मेसचे पैसे जमा करतात. आणि निर्णय कशावर घेतात? बऱ्याचदा पानभर छापलेल्या हसऱ्या चेहऱ्यांवर. हाच चेहरा कधी दोन-दोन क्लासच्या पानांवर दिसतो.

तो मुलगा तिथे दोन वर्षं शिकला, की शेवटी एक चाचणी मालिका दिली? फी भरली, की फी माफ करून बोलावलेला होता? केंद्रीय प्राधिकरणाने नागरी सेवा परीक्षांच्या क्लासेसची प्रकरणं तपासली, तेव्हा काही ठिकाणी असं निघालं की यशस्वी उमेदवारांनी फक्त मुलाखतीच्या मोफत सरावाचा लाभ घेतला होता, पण जाहिरातीत ते लिहिलं नव्हतं. म्हणून १३ नोव्हेंबर २०२४ पासून कोचिंग क्षेत्रासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापायचा तर त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला, किती काळ घेतला, पैसे भरून घेतला का, हे सांगावं लागतं. आणि निकालानंतर त्याची लेखी संमती घ्यावी लागते. आधीच, प्रवेशाच्या वेळी सही करून घेतलेली चालत नाही.

तेच तत्त्व आहे. चेहरा खरा, गुण खरे, पण चेहरा आणि क्लास यांच्यातला संबंध काय, तो लिहा.

वाचकाने काय करायचं

३० नोव्हेंबर २०२३ ला प्राधिकरणाने ग्राहकाला गंडवणाऱ्या तेरा ऑनलाइन युक्त्यांची यादी जाहीर केली. त्यात एक युक्ती आहे वेष बदललेली जाहिरात, म्हणजे बातमी किंवा सामान्य ग्राहकाचं मत वाटावं अशी बेतलेली जाहिरात. अशी दिसली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. आस्कीकडे ऑनलाइन करता येते. आणि कायद्यात आणखी एक सोय आहे, जी फार कुणी वापरत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. पानाचा स्क्रीनशॉट, तारीख, पत्ता एवढं जोडायचं.

स्वतःपुरती एक सवय सांगतो. कौतुकाचा मजकूर वाचला की त्यातलं एक अख्खं वाक्य उचलून शोधयंत्रात टाका. तेच वाक्य तीन ठिकाणी सापडलं तर ते कुण्या लेखकाचं मत नव्हे. साईनाथ यांनी २००९ मध्ये कागदावर हेच केलं होतं. आज ते दहा सेकंदांत होतं.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: मी सोयाबीन-हरभऱ्यावर छोटा चॅनल चालवतो. एका कंपनीने न मागता टॉनिकचे पुडे घरी पाठवले. पैसे काही दिले नाहीत. तरी सांगावं लागेल का?*

हो, त्या टॉनिकवर व्हिडिओ केलात तर सांगावं लागेल. नियमात ‘संबंध’ हा शब्द फार रुंद आहे. पैसे, फुकट माल, सवलत, सहल, कंपनीत नोकरी, नातं, सगळं त्यात आलं. ‘हे पुडे कंपनीने मोफत पाठवले आहेत’ असं सुरुवातीला बोला. आणि माझं ऐकाल तर पुढे हेही सांगा की शेजारच्या दोन सरी न फवारता ठेवल्या होत्या आणि त्यांच्यात काय फरक दिसला. एका शेतकऱ्याचे त्या फवारणीवर हजार-दोन हजार जाणार आहेत. तुमच्या शब्दावर जाणार आहेत.

*प्रश्न: सगळीकडे ‘जाहिरात’ लिहायला लागलो तर कोण वाचणार? आमचं उत्पन्नच बंद होईल.*

काही प्रमाणात कमी होईल, हे मी नाकारत नाही. पण बघा, ‘जाहिरात’ लिहिल्याने वाचक निघून जात असेल, तर याचा अर्थ तो आजवर जाहिरात नाही असं समजून थांबत होता. त्या गैरसमजाचे पैसे तुम्हाला मिळत होते. ते उत्पन्न आपलं नव्हतंच. उलट तुम्ही चार ठिकाणी ‘इथे कमिशन आहे’ म्हणालात, तर पाचव्या ठिकाणी ‘इथे काही नाही, मला खरंच आवडलं’ या वाक्याला किंमत येते. आज त्या वाक्याला किंमत नाही.

*प्रश्न: मी तालुक्याचा वार्ताहर आहे. आम्हाला मानधन नावालाच असतं. पुरवणीसाठी जाहिराती आणा, त्यावर कमिशन घ्या, असं चालतं. ज्याच्याकडून जाहिरात आणली त्याच्याविरुद्ध बातमी कशी लिहायची? आणि लेबल लावायचं तर ते आमच्या हातात कुठे असतं?*

तुमच्या हातात नसतं, हे खरं आहे. आणि म्हणून जबाबदारीही आधी तुमची नाही. पान कुठलं जाहिरातीचं आणि कुठलं बातमीचं, हे ठरवणाऱ्याची ती आहे, मग तो मालक असो, संपादक असो किंवा संकेतस्थळ चालवणारी कंपनी. पेड न्यूजवर बोलताना आपण वार्ताहराला आरोपी करतो आणि ज्याने त्याला पगाराऐवजी जाहिरातीच्या मागे लावलं त्याला सोडून देतो. हे थांबलं पाहिजे.

पण तुम्ही विचारलंत म्हणून, हातात आहे तेवढं सांगतो. जाहिरातदाराने दिलेला मजकूर पाठवताना त्याच्यावर ठळक अक्षरात ‘जाहिरात मजकूर’ असं लिहून पाठवा, आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. वर कुणी तो शब्द काढला तर तो त्याने काढला. भोकरच्या प्रकरणात पाच वर्षं जो कागद शोधला जात होता, तो असाच एखादा साधा कागद होता.